पडला नाही, आपटला नाही, तरी ई-रीडरची स्क्रीन गेली? कारण, तपासणी आणि बचाव

घाटकोपरला डबा जरा मोकळा झाला, टेकायला जागा मिळाली, म्हणून सॅकमधून ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं पाटीसारखं यंत्र, काढला. कव्हर उघडलं तर वरच्या अर्ध्या भागात माझं पुस्तक आणि खालच्या अर्ध्यात स्क्रीनसेव्हरचा, म्हणजे रीडर मिटल्यावर दिसणाऱ्या चित्राचा, तुकडा. पान उलटलं. वरच्या ओळी बदलल्या, खालचा तुकडा ढिम्म हलला नाही. डाव्या कडेला केसाएवढ्या चार काळ्या रेघा, वरपासून खालपर्यंत. बोट फिरवून पाहिलं, खिडकीच्या उजेडात तिरपा धरून पाहिला. कुठे ओरखडा नाही, तडा नाही. सकाळी चहा घेताना वाचला तेव्हा ठणठणीत होता. त्यानंतर तो पडला नव्हता, कुणी हातातसुद्धा घेतला नव्हता.

दोन वर्षांत माझ्याकडे हे दुसऱ्यांदा झालं. पहिल्या वेळी नशिबाला बोल लावून नवा घेतला. दुसऱ्या वेळी मात्र मनाला फार लागलं, कारण दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकून ती वस्तू घेतलेली असते आणि रोजचा जाऊन-येऊन तीन तासांचा प्रवास तिच्याच सोबतीने होतो. म्हणून बंद पडलेले दोन्ही रीडर घेऊन मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेले, दुरुस्तीवाल्याकडे बसले आणि स्क्रीन नेमकी कशाने गेली ते डोळ्यांनी पाहून आले. तुमच्याही रीडरवर अशा रेघा किंवा असा गोठलेला तुकडा आला असेल, तर पुढचं वाचा. स्क्रीन अजून शाबूत असेल तर शेवटचा भाग आधी वाचलात तरी चालेल.

काच वर नाही, खाली आहे

दुकानातल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, बॅगेत चार्जर ठेवता का?” मी हो म्हटलं. त्याने कडेने पातळ पट्टी फिरवून रीडर उघडला, स्क्रू काढले आणि आतलं पॅनेल बाहेर काढलं. सगळे थर मिळून जेमतेम मिलीमीटरभर जाड असावं. ते उलटं करून त्याने ट्यूबलाइटखाली धरलं आणि तेव्हा तडा दिसला. मधोमध एक बारीक चांदणी, तिच्यातून फुटलेल्या तीन रेषा, एक थेट खालच्या कडेपर्यंत गेलेली. चांदणी कुठे आहे ते पाहिलं आणि मला माझ्या सॅकचा पुढचा कप्पा आठवला. दोन गोल पिनांचा चार्जर मी तिथेच टाकत होते, पिना आतल्या बाजूला करून.

ई-रीडरची स्क्रीन मोबाइलसारखी नसते, गोंधळ तिथेच होतो. मोबाइलला वर जाड, कडक केलेली काच असते. ती फुटली की दिसते, बोटाला लागते. ई-रीडरमध्ये वरचा थर बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो. त्याखाली उजेड पसरवणारा पारदर्शक थर, मग शाईचा पापुद्रा आणि सगळ्यांत खाली अत्यंत पातळ काच. या खालच्या काचेवर प्रत्येक ठिपक्यासाठी एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. सहा इंची, ३०० पीपीआयच्या (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्क्रीनवर असे साडेपंधरा लाख ठिपके येतात, १०७२ उभ्या आणि १४४८ आडव्या ओळींत. काचेला तडा गेला की त्याच्या वाटेत येणाऱ्या तारा तुटतात. तार तुटली की तिच्यावरची अख्खी ओळ मेली. रेघ कडेपासून कडेपर्यंत सरळ जाते ती त्यामुळे.

आणि जुनं चित्र का राहतं? ही शाई म्हणजे केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात पांढरे नि काळे कण, एकमेकांच्या विरुद्ध विद्युतभाराचे. खालून वीज दिली की पांढरे वर येतात किंवा काळे वर येतात, आणि वीज काढून घेतली तरी आहेत तिथेच थांबतात. म्हणून तर बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधल्या संशोधनातून १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली ती याच कल्पनेवर, आणि २००४ मध्ये जपानात आलेल्या सोनीच्या लिब्रीएपासून आजपर्यंतच्या बहुतेक रीडरांचा पाया हाच आहे. काच फुटल्यावर त्या भागातल्या कणांना हुकूमच पोचत नाही. शेवटचा हुकूम सकाळी वाचून मिटल्यावर स्क्रीनसेव्हर दाखवण्याचा होता, म्हणून तोच तुकडा तिथे अडकून बसतो.

आता दाबाचं गणित. सहा इंची स्क्रीनचं क्षेत्रफळ साधारण १११ चौरस सेंटिमीटर. दोन किलोचा भार सपाट पुस्तकासारखा तिच्यावर पसरला तर काचेला काही वाटत नाही. तोच भार चार्जरच्या पिनेतून, डब्याच्या काठातून किंवा किल्ल्यांच्या जुडग्यातून एका चौरस सेंटिमीटरवर उतरला, तर त्या जागी दाब शंभरपटीहून जास्त होतो. सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये पुढे अडकवलेल्या सॅकवर दोन किलो नाही, चार बायकांचा भार येतो. मागून आलेला दाबही तितकाच घातक, कारण पाठीचं प्लास्टिक लवचिक असतं आणि त्याला लागूनच आतली मंडळी बसलेली असतात.

पडण्याची भीती सगळ्यांना असते. माझे दोन्ही रीडर गेले ते टोचणाऱ्या दाबाने.

खरंच फुटली आहे का, ते आधी बघा

प्रत्येक बिघाड म्हणजे तडा नव्हे, तेव्हा घाईने नवा मागवू नका. पहिलं काम रीस्टार्ट. किंडलवर (ॲमेझॉनचा ई-रीडर) पॉवर बटण ४० सेकंद दाबून धरा, मध्ये पडद्यावर काही आलं तरी बोट काढू नका. बॅटरी पार उतरली असेल तर आधी तासभर चार्ज करा. अडकलेलं सॉफ्टवेअर बऱ्याचदा एवढ्यानेच सुटतं. त्यानंतर पूर्ण पडदा नीट बदलला, तर स्क्रीन फुटलेली नाही.

दुसरी चाचणी मला सगळ्यांत भरवशाची वाटते, ती म्हणजे स्क्रीनशॉट. टच असलेल्या बहुतेक किंडलवर तिरक्या रेषेत समोरासमोरचे दोन कोपरे एकाच वेळी बोटांनी टेकवले की स्क्रीनशॉट निघतो. तो केबलने काँप्युटरवर घ्या आणि उघडा. स्क्रीनशॉट स्वच्छ आणि रेघा फक्त रीडरवर, तर दोष पॅनेलमध्ये आहे. रेघा किंवा डाग स्क्रीनशॉटमध्येही आले, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये किंवा त्या पुस्तकाच्या फाइलमध्ये आहे आणि तुमचे पैसे वाचले.

तिसरं, अंधाऱ्या खोलीत रीडरचा दिवा बंद करून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड अगदी तिरपा टाका. फुटलेल्या काचेची रेषा कधी कधी शाईखालून अंधूक उमटते, झाडाच्या फांदीसारखी. दिसली नाही म्हणून काच शाबूत आहे असं मात्र धरू नका. माझ्या पहिल्या रीडरवर ती पॅनेल काढेपर्यंत दिसली नव्हती.

लोक घाबरून विचारतात, पण ज्या फुटल्याच्या खुणा नाहीत, अशा गोष्टीही आहेत. मागच्या पानाची अक्षरं फिकट सावलीसारखी दिसणं हा या शाईचा स्वभाव आहे. सेटिंगमध्ये पेज रिफ्रेश चालू केलं की प्रत्येक पानाला पडदा एकदा काळा-पांढरा होऊन धुतला जातो आणि सावली जाते. दिवा लावल्यावरच दिसणारा सुईच्या टोकाएवढा उजळ ठिपका म्हणजे उजेडाच्या थरातला धुळीचा कण किंवा बारीक खोच. तो वाढत नाही. खालच्या कडेला दिव्यांच्या जागी हलक्या सावल्या बहुतेक रीडरांत असतात. आणि कॅनडात किंवा युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हिवाळ्यात बाहेरून आल्यावर पानं जड उलटतायत असं पाहिलं, तर थंडीने कुप्यांतला द्रव दाट होऊन कण हळू सरकत असतात. खोलीच्या उबेत अर्धा तास ठेवा, हीटरवर नको.

फुटलीच असेल तर

आधी दाबणं थांबवा. रेघेवर अंगठा दाबला की ती क्षणभर नाहीशी होते, असं करून पाहण्याचा मोह होतो. मीही केलं आणि संध्याकाळपर्यंत चार रेघांच्या अकरा झाल्या. तडा दाबाने पुढे सरकतो.

मग आतलं वाचवा. स्क्रीन मेली म्हणजे पुस्तकं मेली नाहीत, ती वेगळ्या चिपवर सुखरूप असतात. विकत घेतलेली पुस्तकं खात्यावर असतातच. आपण केबलने टाकलेल्या पुस्तकांमधल्या अधोरेखित ओळी आणि टिपणं मात्र फक्त रीडरमध्ये असतात. किंडल काँप्युटरला जोडून डॉक्युमेंट्स फोल्डरमधली माय क्लिपिंग्ज नावाची फाइल कॉपी करून घ्या. माझ्या त्या फाइलमध्ये सहा वर्षांच्या नोंदी होत्या. आजीच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून वाचलेल्या पुस्तकांतल्या ओळी त्यात होत्या. ती फाइल निघाली तेव्हा मला खरं हायसं वाटलं.

पासकोड लावलेला असेल तर तो टाकल्याशिवाय काँप्युटरला आतलं काही दिसत नाही. पण स्पर्श ओळखणारा थर काचेपासून वेगळा असतो आणि तो बहुधा चालू असतो. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रीडरवरच्या आकड्यांचा फोटो मिळवा, आपल्या पडद्यावर आकडे कुठे येतील त्याचा अंदाज घ्या आणि हलक्या बोटाने टाका. मला चौथ्या प्रयत्नात जमलं.

दुरुस्तीचं म्हणाल, तर पॅनेल बदलता येतं, पण हिशोब आधी करा. नवं पॅनेल मजुरीसकट बऱ्याचदा नव्या साध्या रीडरच्या किमतीजवळ जातं. ज्या मॉडेलमध्ये स्क्रीन कडेच्या चौकटीपेक्षा खोल बसवलेली असते त्यात काम सोपं. जिथे वरचा थर कडेपर्यंत सपाट असतो, तिथे टच, उजेडाचा थर आणि पॅनेल पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले असतात आणि सोडवताना चांगला भागही जातो. करायचंच ठरलं तर दुकानदाराला पॅनेलच्या रिबनवरचा (जोडणीच्या चपट्या पट्टीवरचा) क्रमांक जुळवून घ्यायला सांगा. ई इंकच्या सहा इंची पॅनेलवर तो ईडी०६० अशा अक्षरांनी सुरू होतो. मॉडेलचं नाव तेच असून आतलं पॅनेल वेगळं निघू शकतं. परदेशात राहणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. कोबो या ई-रीडरच्या कंपनीने २०२४ मध्ये क्लारा आणि लिब्रा मालिकेतल्या नव्या रीडरांसाठी, दुरुस्तीचे सुटे भाग आणि माहिती देणाऱ्या आयफिक्सिटबरोबर सुटे भाग आणि दुरुस्तीच्या सूचना देण्याचं जाहीर केलं. असं इथेही सर्व कंपन्यांनी करावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. एका पातळ काचेपायी चालू बॅटरी, चालू बोर्ड, चालू दिवे असलेलं अख्खं यंत्र भंगारात जातं, ते बघवत नाही.

वॉरंटीत हे बसत नाही, कारण कंपन्या त्याला बाहेरून झालेली इजा धरतात. मला दोन्ही वेळा नकारच मिळाला. तरी मुदतीत असाल तर फोटो काढून तक्रार नोंदवाच, विशेषतः डब्यातून काढतानाच रेघ दिसली असेल तर. नवा रीडर पहिल्याच दिवशी चालू करून पाहायचा तो यासाठी. आणि फुटलेला रीडर कुणाला देण्याआधी तुमच्या खात्यातून त्याची नोंदणी वेबसाइटवरून काढून टाका.

आता तिसरा वाचवायचा आहे

तिसरा रीडर आला तेव्हा मी त्याला जाड मऊ कापडी पिशवी शोधत होते. आई भाजी निवडत होती. म्हणाली, “अगं, काचेचं सामान ट्रकमधून येतं ते नुसत्या कापडात गुंडाळून येतं का? वर फळी ठोकलेली असते.” माझं दोन वर्षांचं चुकलेलं गणित तिने एका वाक्यात सोडवलं. मऊ पिशवी ओरखड्यापासून वाचवते, पडताना धक्का थोडा कमी करते. टोचणाऱ्या पिनेचा दाब मात्र ती जशाच्या तसा आत पोचवते. तिथे न वाकणारी सपाट फळीच लागते, म्हणजे एका बिंदूवरचा भार सगळीकडे पसरतो.

फळी कुठून आणायची? स्टेशनरीच्या दुकानातून परीक्षेचं पॅड आणलं, तेच तपकिरी हार्डबोर्डचं, वर क्लिप असलेलं. क्लिप काढून टाकली. सुताराकडून रीडरपेक्षा चहूबाजूंनी अर्धा इंच मोठे असे दोन तुकडे कापून घेतले आणि कडा पॉलिश पेपरने घासल्या. आईने जुन्या सुती साडीचे पाच पदर एकावर एक घेऊन गोधडीसारखा धावदोरा घातला, त्याची पिशवी शिवली आणि दोन्ही बाजूंना फळ्या सरकवायला खण ठेवले. रीडर मधे, मऊ गोधडीत, आणि बाहेर दोन्हीकडे फळी. अर्धा इंच जास्तीचा यासाठी की कोपरा आपटला तर मार फळीच्या कडेला बसावा, रीडरच्या नव्हे. शिवायला कुणी नसेल तर जाड पुठ्ठ्याची वही आणि तिच्यामागे पॅड, या दोन्हींच्या मधे रीडर ठेवला तरी काम भागतं.

सॅकमध्ये जागा ठरलेली हवी. लॅपटॉप नेत असाल तर लॅपटॉप आणि पाठीकडची गादी यांच्या मधे, स्क्रीनची बाजू लॅपटॉपच्या सपाट झाकणाकडे. पुढच्या कप्प्यात कधीच नाही. डबा, पाण्याची बाटली, पॉवर बँक, छत्रीची मूठ, किल्ल्या हे सगळं लॅपटॉपच्या पलीकडे. चार्जर मी आता एका जुन्या मोज्यात घालते, पिनांसकट. सॅक गाडीच्या रॅकवर टाकताना तिच्यावर दुसऱ्याची जड बॅग येणारच, हे धरून चाला.

बाजारातल्या कव्हरांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पुढे कडक झाकण असलेलं पुस्तकासारखं कव्हर घ्या. पाठीला बसणारं नुसतं रबरी कव्हर हातातून निसटू नये म्हणून ठीक, बॅगेत त्याचा उपयोग नाही. झाकणाच्या आत पैसे किंवा कार्ड ठेवायचा खण असेल तर तो रिकामाच ठेवा, कारण तिथलं दोन रुपयांचं नाणंही थेट स्क्रीनवर बसतं. काचेचा किंवा प्लास्टिकचा स्क्रीन गार्ड या बिघाडाला थांबवत नाही, फुटणारी काच त्याच्या कितीतरी खाली असते. उलट तो चिकटवताना बुडबुडे काढायला जोर लावला जातो आणि कागदासारखा मॅट पडदा चकाकायला लागतो, म्हणून मी लावत नाही. आयपीएक्स८ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेलं असेल तर ते पाण्यापुरतं. दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर तग धरणारा रीडरही गुडघ्याखाली आला की फुटतो.

घरातली सर्वांत धोक्याची जागा म्हणजे गादी. वाचता वाचता झोप लागते, रीडर कुशीखाली जातो. गादी मऊ असल्यामुळे तो मधोमध वाकतो आणि खालची काच वाकणं सहन करत नाही. डोळे मिटायला लागले की जमिनीवर नको (रात्री उठताना पाय पडतो), उशीखालीही नको, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा टेबलावर ठेवा. एका कोपऱ्याला चिमटीत धरून उचलायची सवयही सोडा. मोठ्या, आठ-दहा इंची रीडरला ती जास्त महागात पडते. काचेऐवजी प्लास्टिकचा पाया असलेले पॅनेलही निघाले, २०१३ चा १३.३ इंची सोनी डीपीटी-एस१ आणि २०१८ चा कोबो फॉर्मा त्यातलेच. ते वाकणं बऱ्यापैकी सोसतात. पण तुमच्या रीडरच्या माहितीत तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर आत काच आहे असंच समजा.

कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर वाचणार असाल तर वाळू सांभाळा. कव्हर मिटताना एकच खडा आत राहिला आणि वरून टॉवेलची पिशवी टेकली, तर तो खडा चार्जरच्या पिनेचंच काम करतो. आधी फुंकर, मग मऊ ब्रशने झटकणं, मगच कव्हर बंद. उन्हाचंही तसंच. किंडल वापरायची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आणि नुसतं ठेवायची उणे १० ते ४५ आहे. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे सावलीतलाच पारा ४५ ओलांडतो, तेव्हा बंद गाडीत डॅशबोर्डवर तो सोडू नका.

एक कारण फार कुणाच्या लक्षात येत नाही. घट्ट कव्हर काढताना आपण एक कोपरा मोकळा करतो आणि उरलेला रीडर पिळून ओढतो. त्या पिळानेही काच जाते आणि मग कव्हर बदलायच्या दिवशीच रेघ आली म्हणून आपण गोंधळतो. रीडर पालथा करून टेबलावर पसरलेल्या टॉवेलवर ठेवा, मांडीवर नको. दोन्ही अंगठ्यांनी कव्हरची कड बाहेर ढकला, आधी एका बाजूचे दोन्ही कोपरे सोडवा, मग दुसऱ्या बाजूचे. वाकायचं ते कव्हरने वाकावं, रीडर टेबलावर सपाट राहावा. एखादा कोपरा सुटतच नसेल तर कव्हर कापून टाका.